शिसं शिशावर आदळतं तेव्हा: अणुकेंद्रकांच्या टकरींचा अभ्यास स्वतः कसा करायचा

अणुकेंद्रकाच्या आतल्या द्रव्याची घनता कल्पनेत बसत नाही. एका घन फेमटोमीटरला ०.१६ न्यूक्लिऑन (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन), म्हणजे घन सेंटिमीटरला सुमारे २७ कोटी टन. असं द्रव्य दाबलं तर किती विरोध करतं, तापवलं तर कशात बदलतं, वाहतं तेव्हा किती घट्ट वाटतं, हे पाहायचा प्रयोगशाळेतला मार्ग एकच: दोन अणुकेंद्रकं एकमेकांवर आदळवायची. त्यातून जे द्रव्य तयार होतं ते साधारण ३ × १०⁻²³ सेकंद टिकतं. ते कुणी पाहू शकत नाही. दिसतात ते शेवटी बाहेर फेकले गेलेले हजारो कण, आणि त्यांच्यावरून उलट्या दिशेने मूळ द्रव्यापर्यंत पोहोचायचं असतं.

हा लेख बीएस्सी-एमएस्सीला भौतिकशास्त्र शिकणाऱ्या आणि पायथन थोडंफार येणाऱ्या वाचकांसाठी आहे. उदाहरण म्हणून सर्नच्या एलएचसीवरच्या शिसं-शिसं टकरी घेतल्या आहेत. न्यूक्लिऑनच्या एका जोडीमागे ऊर्जा ५.०२ टीईव्ही, टकरी २०१५ आणि २०१८ सालच्या. नवखे विद्यार्थी थेट खऱ्या डेटावर उडी मारतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की आधी भूमिती करा. या क्षेत्रातला जवळपास प्रत्येक दावा 'टक्कर किती समोरासमोर झाली' या प्रश्नावर उभा असतो, आणि त्याचं उत्तर तुमच्या लॅपटॉपवर काढता येतं.

पायरी १: अणुकेंद्रक बांधा

शिसं-२०८ मध्ये २०८ न्यूक्लिऑन. त्यांची घनता वूड्स-सॅक्सन सूत्राने मांडतात: मध्यभागी जवळजवळ सपाट, कडेला हळूहळू शून्याकडे जाणारी. दोनच आकडे लागतात, त्रिज्या ६.६२ फेमटोमीटर आणि कडेची जाडी ०.५४६ फेमटोमीटर.

प्रत्येक न्यूक्लिऑनसाठी ० ते १५ फेमटोमीटरमधलं एक यादृच्छिक अंतर निवडा. ते स्वीकारण्याची शक्यता 'अंतराचा वर्ग × घनता' या प्रमाणात ठेवा. वर्ग विसरलात तर सगळे न्यूक्लिऑन मध्यभागी गर्दी करतील. दिशा निवडताना हमखास होणारी चूक म्हणजे थीटा हा कोनच ० ते १८० अंशांत समान वाटणे. तसं केलं की दोन्ही ध्रुवांवर न्यूक्लिऑन दाटतात. समान वाटायची ती थीटाची कोज्या, −१ ते १ मध्ये. फाय मात्र ० ते ३६० अंशांत सरळ वाटा. दोन न्यूक्लिऑन एकमेकांच्या ०.४ फेमटोमीटरपेक्षा जवळ आले तर नवा काढा. सगळे २०८ बसले की त्यांचा वस्तुमानमध्य शून्यावर सरकवा.

पुढे जाण्याआधी एक चाचणी करा. हजारभर अणुकेंद्रकं बांधा, प्रत्येक न्यूक्लिऑनच्या अंतराचा वर्ग घ्या, सरासरी काढा, वर्गमूळ घ्या. उत्तर ५.५ फेमटोमीटरच्या जवळ यायला हवं. इलेक्ट्रॉनांच्या विखुरण्यातून शिशाची विद्युतभाराची त्रिज्या तेवढीच मोजली गेली आहे. ४.५ किंवा ६.५ आलं तर प्रोग्रॅममध्ये कुठेतरी गडबड आहे. ती इथेच शोधा. पुढच्या पायऱ्यांवर ती दिसणार नाही, फक्त उत्तरं बिघडवत राहील.

पायरी २: आदळवा

एलएचसीवर प्रत्येक न्यूक्लिऑनकडे २.५१ टीईव्ही ऊर्जा असते. म्हणजे प्रवासाच्या दिशेने अणुकेंद्रकाची जाडी सुमारे २,७०० पटींनी आकुंचन पावते. दोन शिशं एकमेकांतून इतक्या झटक्यात आरपार जातात की तेवढ्या वेळात आतल्या न्यूक्लिऑनना जागचं हलायला सवड नसते. म्हणून या प्रतिमानात ते गोठलेले धरता येतात आणि सरळ रेषेत पुढे जाऊ दिले जातात. या पद्धतीला ग्लाउबर प्रतिमान म्हणतात. रॉय ग्लाउबर यांना २००५ साली प्रकाशविज्ञानातल्या कामासाठी नोबेल मिळालं, पण आमच्या क्षेत्रात त्यांचं नाव रोज निघतं ते या प्रतिमानामुळे.

कृती साधी आहे. दोन अणुकेंद्रकांच्या केंद्रांमधलं आडवं अंतर, म्हणजे इम्पॅक्ट पॅरामीटर, ० ते २० फेमटोमीटरमध्ये निवडा. निवडीची शक्यता अंतराच्या प्रमाणात वाढती हवी, कारण मोठ्या वर्तुळाचा परीघ मोठा असतो. मग पहिल्यातल्या प्रत्येक न्यूक्लिऑनचं दुसऱ्यातल्या प्रत्येकाशी आडव्या प्रतलातलं अंतर मोजा. एका टकरीला ४३,२६४ जोड्या होतात. पायथनच्या नमपाय या गणिती संचाला हे काही अवघड नाही.

दोन न्यूक्लिऑन आदळले असं कधी म्हणायचं? या ऊर्जेला न्यूक्लिऑन-न्यूक्लिऑन अप्रत्यास्थ क्रॉस-सेक्शन ६७.६ मिलिबार्न आहे, म्हणजे ६.७६ चौरस फेमटोमीटर. त्याला पायने (π) भागा आणि वर्गमूळ घ्या: १.४७ फेमटोमीटर. आडवं अंतर याहून कमी असेल तर टक्कर झाली.

प्रत्येक घटनेसाठी दोन आकडे जपून ठेवा. किमान एकदा आदळलेले न्यूक्लिऑन किती (सहभागी), आणि न्यूक्लिऑन-न्यूक्लिऑन टकरी एकूण किती.

पुन्हा चाचणी. १०,००० वेळा आदळवा. त्यातल्या साधारण ६,१०० घटनांत निदान एक तरी टक्कर झालेली दिसायला हवी. हा आकडा कुठून आला? २० फेमटोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ १,२५७ चौरस फेमटोमीटर, म्हणजे १२.५७ बार्न. शिसं-शिसं टकरीचं एकूण क्रॉस-सेक्शन सुमारे ७.७ बार्न आहे. त्यांचं गुणोत्तर ०.६१.

स्वतःचा प्रोग्रॅम जमला की अमेरिकेतल्या ब्रुकहेवनच्या फोबोस प्रयोगातल्या मंडळींनी लिहिलेला 'टी-ग्लाउबर-एमसी' हा मोफत प्रोग्रॅम चालवून ताळा करा. आधी तो उतरवून मग समजून घेऊ, असा विचार करू नका. तयार प्रोग्रॅममधले पर्याय का आहेत, हे स्वतः एकदा लिहिल्यावरच कळतं.

पायरी ३: टकरी प्रतवारीत लावा

प्रयोगात इम्पॅक्ट पॅरामीटर मोजता येत नाही. मोजता येतो तो बाहेर आलेल्या कणांचा पसारा. एलएचसीवरच्या अ‍ॅलिस प्रयोगात त्यासाठी 'व्ही-झिरो' नावाचे शोधक वापरले गेले. जितकी समोरासमोर टक्कर, तितके जास्त कण. म्हणून सगळ्या घटना कणसंख्येनुसार उतरत्या क्रमाने लावायच्या आणि टक्क्यांत कापायच्या. वरचे ५ टक्के म्हणजे जवळजवळ डोक्यावर डोकं आदळलेल्या टकरी. ४०–५० टक्के म्हणजे निम्म्याहून कमी भाग एकमेकांवर आलेल्या.

तुमच्या प्रतिमानात कणसंख्या अशी आणा: कण देणाऱ्या 'स्रोतां'ची संख्या = ०.८ × सहभागी + ०.२ × टकरी. मग प्रत्येक स्रोताकडून किती कण आले ते ऋण द्विपद वितरणातून काढा. प्रतवारी लावल्यावर वरच्या ५ टक्क्यांत सरासरी सहभागी ३८४च्या आसपास आणि टकरी १,७६०च्या आसपास यायला हव्यात. सहभागी जास्तीत जास्त ४१६ होऊ शकतात, त्यामुळे ३८४ म्हणजे जवळजवळ सगळे कामाला लागले.

हातानेही अंदाज घेता येतो. अमुक टक्क्यापर्यंतचा इम्पॅक्ट पॅरामीटर म्हणजे 'टक्का × एकूण क्रॉस-सेक्शन ÷ पाय' याचं वर्गमूळ. ५ टक्क्यांना ३.५ फेमटोमीटर येतो, ५० टक्क्यांना ११. शेवटच्या १० टक्क्यांकडे दुर्लक्ष करा. तिथे विद्युतचुंबकीय प्रक्रियांची भेसळ होते, म्हणून अ‍ॅलिसही ९० टक्क्यांपर्यंतच खात्रीने बोलतं.

आता पहिल्यांदा खऱ्या मोजमापाशी गाठ घाला. ५.०२ टीईव्हीला वरच्या ५ टक्क्यांत छद्मवेगांकाच्या (कण किरणाच्या दिशेशी किती कोनात निघाला ते सांगणारा आकडा) मधल्या एका एककात सरासरी १,९४३ विद्युतभारित कण मोजले गेले, अनिश्चितता ५४. सहभागींच्या जोडीमागे ते सुमारे १० कण पडतात. त्याच ऊर्जेच्या साध्या प्रोटॉन-प्रोटॉन टकरीत ही संख्या याच्या निम्म्याच्या आसपास असते. म्हणजे अणुकेंद्रकांची टक्कर ही नुसती बरीचशी प्रोटॉन-टकरींची बेरीज नाही, हे पहिल्याच आकड्यात दिसतं.

इथेच ऊर्जाघनतेचाही अंदाज काढून टाका. २.७६ टीईव्हीच्या टकरींत आडव्या दिशेची ऊर्जा एका एककात सुमारे १,७०० जीईव्ही मोजली गेली. आदळलेल्या भागाचं क्षेत्रफळ साधारण १६० चौरस फेमटोमीटर. द्रव्य १ फेमटोमीटरभर प्रकाशवेगाने पसरल्यानंतरचा क्षण धरला तर घन फेमटोमीटरला १० जीईव्हीच्या वर ऊर्जा येते. शांत अणुकेंद्रकात ती ०.१५ जीईव्ही असते. ब्यॉर्केन यांचा हा अंदाज ढोबळ आहे, पण सत्तरेक पटींचा फरक ढोबळपणातून येत नाही.

पायरी ४: आकार मोजा

ही पायरी मला सगळ्यात प्रिय आहे, आणि इथे घाई करू नये.

अर्धवट टकरीत एकमेकांवर आलेला भाग बदामाच्या आकाराचा असतो. त्या बदामाचा चपटेपणा काढायला सहभागी न्यूक्लिऑनांचा वस्तुमानमध्य शून्यावर आणा, प्रत्येकाचं अंतर आणि कोन घ्या. मग 'अंतराचा वर्ग × दुप्पट कोनाची कोज्या' आणि 'अंतराचा वर्ग × दुप्पट कोनाची ज्या' यांच्या सरासऱ्या काढा, दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्या, आणि अंतराच्या वर्गाच्या सरासरीने भागा. ही दुसऱ्या क्रमाची विकेंद्रता. वरच्या ५ टक्क्यांत ती ०.१च्या आसपास येते, ४०–५० टक्क्यांत ०.४च्या आसपास.

आता दुप्पटीऐवजी तिप्पट कोन आणि वर्गाऐवजी घन घ्या. गुळगुळीत, गोल अणुकेंद्रकं धरली तर सममितीमुळे तिसऱ्या क्रमाची विकेंद्रता शून्य यायला हवी. तुमच्या घटनांत ती येणार नाही. न्यूक्लिऑन ठिपक्यांसारखे विखुरलेले असतात, त्यामुळे प्रत्येक टकरीत थोडा त्रिकोणी आकार उरतोच. २००० साली ब्रुकहेवनचा रिक प्रवेगक सुरू झाल्यानंतरची बरीच वर्षं हा भाग कुणी गांभीर्याने घेतला नाही. २०१० साली बुराक अल्वर आणि गुंथर रोलंड यांनी दाखवलं की कणांच्या परस्परसंबंधांत जी विचित्र शिखरं दिसत होती ती याच त्रिकोणी आकारातून येतात. तेवढ्यासाठी ना नवा शोधक लागला ना नवी ऊर्जा. तुम्ही आत्ता लिहिलेला प्रोग्रॅम त्यांच्याकडे होता, आणि सरासरी घेण्याआधी त्यांनी एकेक घटना स्वतंत्रपणे पाहिली. म्हणून पाचदहा घटनांची चित्रं खरोखर काढून बघा. आदळलेले न्यूक्लिऑन एका रंगात, न आदळलेले फिक्या रंगात.

पायरी ५: प्रवाह मोजायला शिका

आकार अवकाशात असतो, मोजमाप मात्र कणांच्या दिशांचं होतं. एकातून दुसरं कसं येतं? द्रव्य द्रवासारखं वागत असेल तर बदामाच्या अरुंद बाजूला दाब जास्त झपाट्याने घसरतो, म्हणून त्या बाजूने कण जास्त जोराने बाहेर पडतात. कण एकमेकांशी न बोलता निघून गेले असते तर सगळ्या दिशांना सारखेच गेले असते. दिशांमधल्या या असमानतेचा आकडा म्हणजे लंबवर्तुळी प्रवाह, ज्याला सगळे 'व्ही-टू' म्हणतात.

खऱ्या डेटाआधी खोटा डेटा बनवा. प्रत्येक घटनेत ५०० कण. त्यांचे कोन '१ + २ × ०.०६ × (दुप्पट कोनफरकाची कोज्या)' या वितरणातून काढा, आणि घटनेची मुख्य दिशा दर वेळी यादृच्छिक ठेवा. अशा १०,००० घटना तयार करा. एकाच घटनेत निव्वळ योगायोगाने ०.०४५ इतका प्रवाह दिसू शकतो (१ भागिले ५००चं वर्गमूळ), म्हणून एका घटनेवर विसंबता येत नाही.

मुख्य दिशा प्रयोगात माहीत नसते. त्यावरची युक्ती अशी: कणांच्या जोड्या घ्या, दिशा आपोआप गळते. सगळ्या जोड्या मोजत बसायची गरज नाही. प्रत्येक कणासाठी कोनाच्या दुपटीचा एकक सदिश घ्या, सगळे बेरजेला लावा, ही बेरीज म्हणजे क्यू-सदिश. मग

जोडीची सरासरी = (|क्यू|² − एम) ÷ (एम × (एम − १))

इथे एम म्हणजे कणांची संख्या. 'वजा एम' हा कण स्वतःशीच जोडला जाऊ नये म्हणून. सगळ्या घटनांची सरासरी घेऊन वर्गमूळ काढा. ०.०६ परत मिळायला हवेत.

आता मुद्दाम बिघाड करा. ५०० स्वतंत्र कणांऐवजी २५० कण काढा आणि प्रत्येकाची अगदी त्याच दिशेची एक जुळी प्रत ठेवा. खऱ्या टकरींत अस्थिर कणांच्या क्षयातून आणि जेटमधून (एकाच दिशेने निघालेल्या कणांच्या झोतातून) असंच काहीसं होतं. पुन्हा मोजा: उत्तर ०.०७५ येईल. प्रवाह तेवढाच आहे, तरी आकडा २५ टक्क्यांनी फुगला! या भेसळीला नॉन-फ्लो म्हणतात, आणि एखाद्या निकालावर विश्वास ठेवायचा का, हे बहुतेक वेळा यावरच ठरतं.

उपाय दोन. एक, जोडीतले दोन कण शोधकाच्या दूरदूरच्या भागांतून घ्या. अ‍ॅलिस छद्मवेगांकात किमान एका एककाचं अंतर ठेवून असं मोजतं. दोन, जोडीऐवजी चार कणांचा संबंध मोजा आणि त्यातून जोडीच्या सरासरीच्या वर्गाची दुप्पट वजा करा. जे उरेल ते ऋण असतं. चिन्ह बदलून त्याचं चौथं मूळ घ्या. जुळ्यांचा परिणाम इथे जवळजवळ पूर्ण रद्द होतो आणि ०.०६ परत येतात. चार कणांची सरासरी क्यू-सदिशातून काढायचं सूत्र बिलांझिच, स्नेलिंग्स आणि वोलोशिन यांनी मांडलं आहे. ते लांब आहे, पण ते टंकून हे दोन्ही आकडे स्वतःच्या पडद्यावर पाहा.

पायरी ६: खऱ्या आकड्यांकडे

आता 'हेपडेटा' या मोफत संग्रहात जा. छापल्या गेलेल्या आलेखांमागचे आकडे तिथे कोष्टकात मिळतात. अ‍ॅलिसचा लंबवर्तुळी प्रवाह प्रतवारीनुसार उतरवा आणि त्याला तुमच्या विकेंद्रतेने भागा. गुणोत्तर मधल्या टक्क्यांत ०.२ ते ०.२५च्या आसपास राहतं आणि कडेच्या टकरींकडे घसरतं. हे घसरणंच विष्यंदितेची (द्रवाच्या अंतर्गत घर्षणाची) खूण आहे: लहान थेंबात घर्षणाचा वाटा वाढतो.

प्रत्यक्ष विष्यंदिता काढायची तर द्रवगतिकीचा पूर्ण संगणक-कार्यक्रम लागतो. टकरीची सुरुवातीची अवस्था देणारा 'ट्रेंटो' आणि द्रवगतिकीचा 'म्युझिक' खुले आहेत, पण या पूर्ण गणिताला लॅपटॉप पुरत नाही, विभागातला संगणक-समूह मागा. त्या मार्गाने आलेलं उत्तर असं की विष्यंदिता आणि एन्ट्रॉपी-घनता यांचं गुणोत्तर १ भागिले ४ पाय, म्हणजे ०.०८, या सैद्धांतिक किमान मूल्याच्या अगदी जवळ आहे, फार तर दोन-अडीच पट. रिकवरच्या प्रयोगांनी २००५ साली 'जवळजवळ परिपूर्ण द्रव' असं जाहीर केलं ते याच अर्थाने.

टकरींच्या संख्येचा उपयोग दुसरीकडे होतो. जास्त संवेगाच्या कणांची शिसं-शिसं टकरीतली संख्या घ्या, तिला 'टकरी × प्रोटॉन-प्रोटॉनमधली संख्या' याने भागा. द्रव्याचा काहीच अडथळा नसेल तर १ यायला हवा. २.७६ टीईव्हीच्या समोरासमोरच्या टकरींत ६–७ जीईव्हीला तो ०.१४च्या आसपास उतरतो. प्रकाशकण आणि झेड बोसॉन मात्र १च्या जवळ राहतात, कारण तीव्र बल त्यांना अडवत नाही. भूमितीचा हिशोब बरोबर आहे याची ती स्वतंत्र साक्ष आहे.

तापमानासाठी पायऑन, केऑन, प्रोटॉन, लॅम्डा यांच्या संख्यांची गुणोत्तरं एका सांख्यिकी सूत्रात बसवतात. उत्तर १५६ एमईव्हीच्या आसपास येतं, सुमारे १.८ लाख कोटी केल्व्हिन. क्वार्क मोकळे होण्याचं लॅटिस गणितातून (अवकाश-काळाची जाळी धरून संगणकावर केलेल्या) निघालेलं तापमानही १५६.५ एमईव्ही आहे.

मूळ घटनाच हाताळायच्या असतील तर सर्नच्या ओपन डेटा संकेतस्थळावर अ‍ॅलिसच्या आणि सीएमएस या एलएचसीवरच्याच दुसऱ्या प्रयोगाच्या सुरुवातीच्या शिसं-शिसं टकरी आहेत. फायली जड आहेत आणि जुनं सॉफ्टवेअर मागतात. आधी अ‍ॅलिसचे मास्टरक्लासचे छोटे संच घ्या. बारावीच्या विद्यार्थ्यालाही ते झेपतात.

पायरी ७: तुमचा प्रश्न कोणत्या ऊर्जेवर आहे ते ठरवा

न्यूट्रॉन ताऱ्यांच्या पोटातल्या दाबाचं कुतूहल असेल तर एलएचसी तुमची जागा नाही. तिथे तापमान प्रचंड आणि न्यूक्लिऑनांची निव्वळ घनता जवळजवळ शून्य. द्रव्य दोन-चार पट दाबायचं तर न्यूक्लिऑनमागे एखाद-दोन जीईव्हीच्या टकरी हव्यात. जर्मनीतल्या डार्मश्टाटला जीएसआयमध्ये हेडिस प्रयोग तेच करतो, आणि शेजारी उभ्या राहत असलेल्या फेअर प्रकल्पात भारताचा वाटा आहे. त्याहून खाली, मुंबईत कुलाब्याला टीआयएफआरच्या आवारात पेलेट्रॉन प्रवेगक १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून चालू आहे. तिथे अणुकेंद्रकं वितळत नाहीत, एकमेकांत मिसळून तापतात आणि गॅमा किरण सोडत थंड होतात. अ‍ॅलिसमध्ये काम करायचं असेल तर आयआयटी मुंबईचा गट त्यात आहे.

ग्लाउबरचा प्रोग्रॅम तयार असेल तर शेवटी एक फेरफार करून पाहा. शिशाऐवजी झेनॉन-१२९ घ्या: त्रिज्या ५.४ फेमटोमीटर, कडेची जाडी ०.५९. एलएचसीवर २०१७ साली झेनॉनच्या टकरी ५.४४ टीईव्हीला झाल्या. क्रॉस-सेक्शन थोडं वाढवून ६८.४ मिलिबार्न करा. आधी अणुकेंद्रक गोल ठेवा, मग रग्बीच्या चेंडूसारखं थोडं लांबट करा (लांबटपणा सांगणारा बीटा-टू ०.१८), आणि प्रत्येक टकरीआधी दोघांनाही यादृच्छिक दिशेत फिरवायला विसरू नका. वरच्या ५ टक्क्यांतली दुसऱ्या क्रमाची विकेंद्रता तिन्ही बाबतींत शेजारी शेजारी मांडा. अ‍ॅलिसला त्या गटात झेनॉनचा प्रवाह शिशापेक्षा सुमारे ३५ टक्के जास्त मिळाला होता. त्यातला किती भाग निव्वळ न्यूक्लिऑन कमी असल्यामुळे आणि किती लांबट आकारामुळे, हे तुमच्याच कोष्टकातून वेगळं काढता येईल.